बंद पडायला कारण

लिमयेकाका गाडी घेऊन कोल्हापूरला निघाले की 'कधी पोचणार?' असं आमच्या सोसायटीत त्यांना कुणी विचारत नसे. 'कुठे बंद पडणार?' असं विचारत. आणि काका अजिबात न चिडता, एसटीच्या चौकशी खिडकीतल्या माणसासारखं उत्तर देत, "खंबाटकी घाट. माथ्यावर."

आणि ती तिथेच बंद पडायची.

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत तेव्हा घराघरातून कुणी ना कुणी आयटीत लागत होतं आणि खाली पार्किंगमध्ये नवी गाडी येऊन उभी राहत होती. सगळ्या चंदेरी. मीही रोज हिंजवडीला जाणारी, तेव्हा माझीही चंदेरीच. त्या रांगेच्या टोकाला काकांची लाल, विलायती, दोनच सीटांची स्पोर्ट्‌स कार. वय माझ्याहून जास्त. इतकी बुटकी, की स्पीडब्रेकर दिसला की काका आधी खाली उतरून, वाकून अंदाज घेत. कापडी छप्पर उघडलं तर मिटत नसे आणि मिटलं तर उघडत नसे. पावसाळ्यात काका रेनकोट घालून गाडी चालवत.

काका निवृत्त ड्राफ्ट्समन. सडाफटिंग. आमच्या समोरच्या दारात एकटेच राहत. लग्न का केलं नाहीत, असं कुणीतरी एकदा आगाऊपणे विचारलंच. काका म्हणाले, "कारण सापडलं नाही."

हे 'कारण' म्हणजे काकांचा श्वास होता. बेल वाजवली की दार उघडून पहिला प्रश्न, "कारण काय?" स्वतः आमच्याकडे आले तरी उंबऱ्याबाहेर उभे. "सोहोनीबाई, कारण असं, की तुमचा पेपर माझ्याकडे पडला." पेपर हातात दिला की कारण संपलं, काका वळले. चहा घ्या म्हटलं तर, "नको. कारण नाही काही." दिवाळीत फराळाला बोलावलं की मात्र येत, कारण बोलावणं हे कारण झालं. चिवडा संपला की उठत. माझा नवरा म्हणायचा, "यांना बसवून ठेवायचं असेल तर बशी मोठी घे."

एकदा त्याने काकांना विचारलं, "एवढ्या लांब जाता, भरवसा आहे का हिच्यावर?"

"पूर्ण. आजवर एकदाही दगा दिलेला नाही."

"अहो, दर वेळी बंद पडते!"

"दर वेळी," काका म्हणाले. "तेच म्हणतोय मी."

आम्ही हसलो. पुण्यात अशी उत्तरं ऐकून पोट भरलेलं असतं, जास्त विचार कोण करतो?

गाडी का बंद पडते हे मात्र त्यांनी मला नीट समजावलं होतं. घाट चढताना इंजिन तापतं, शेजारच्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बसते. उपाय एकच. पंपावर ओलं फडकं टाकून तासभर थांबायचं. ओल्या फडक्याला पाणी लागतं, म्हणून गाडी उतारावरून नुसती घरंगळत खाली न्यायची, शेवटचा सपाट तुकडा ढकलायची, की हौसाबाईंचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याखाली चार बाकडी, मागे त्यांचं घर आणि गोठा.

डिकीत जॅक नसायचा. आंबाबर्फीचा पुडा असायचा. परत येताना त्याच डिकीत घेवडा, शेंगा, कधी ताकाची किटली. "गाडी थंड होईपर्यंत माणसानं करायचं काय? बोलत बसावं लागतं," असं काका कपाळाला आठ्या घालून सांगत. आमच्या मुलीचं नाव त्यांना धड आठवत नसे, पण हौसाबाईंच्या तिन्ही म्हशींची नावं पाठ होती. बाईंच्या यजमानांचं गुडघ्याचं दुखणं, लेकीचं बाळंतपण, सगळं ठाऊक. आणि कोल्हापूरला काकांचं कोण होतं? कुणीच नाही. तिथे जाऊन ते पेट्रोल भरून परत फिरत, हे मला पुढे कळलं.

मग कॅलिफोर्नियाहून त्यांचा पुतण्या शिरीष सुट्टीला आला. मुलगा गुणी, पण दिसेल ते दुरुस्त करायची सवय. काका नको नको म्हणत असताना गाडी बिबवेवाडीच्या एका गॅरेजमध्ये नेली, जुना पंप काढून टाकला आणि मागे टाकीजवळ नवा इलेक्ट्रिक पंप बसवला. "आता खंबाटकी काय, हिमालय चढा," असं म्हणून तो विमानात बसला.

त्यानंतर गाडी हललीच नाही. कव्हर घालून उभी. काकाही जिना उतरेनासे झाले. 'कोल्हापूर नाही का?' विचारलं की म्हणत, "कारण नाही." पेपर आमचा आमच्याच दारात पडत होता, त्यामुळे बेलही वाजत नव्हती.

मला कसंतरीच झालं. माझी आई साताऱ्याला असते. मी काकांची बेल वाजवली.

"कारण काय?"

"साताऱ्याला सोडाल का? माझी गाडी सर्व्हिसिंगला आहे."

माझी चंदेरी गाडी खाली धुऊनपुसून उभी होती आणि काकांच्या खिडकीतून स्वच्छ दिसत होती. काकांनी खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सकाळी लवकर निघू," म्हणाले.

शिरवळ मागे पडलं. मांडीवर बर्फीचा पुडा मी धरला होता. घाट लागला. गाडी गुरगुरत, झोकात चढू लागली आणि काकांचा चेहरा वळणागणिक उतरू लागला. माथा आला. काकांनी कान दिला. इंजिन ठणठणीत. माथा गेला.

"अहो काका, चढली की!" मी म्हटलं.

"चढली," काका म्हणाले. घरातलं कुणी गेल्यासारखा आवाज.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "मग काय झालं? हौसाबाईंकडे थांबू या ना."

"चालत्या गाडीनं? कशासाठी?"

"बर्फी द्यायला."

"बर्फी द्यायला पुण्याहून कुणी येतं का, सोहोनीबाई? तिच्या मनात येईल, या म्हाताऱ्याला हवंय तरी काय." मग समोर बघत म्हणाले, "मला तरी काय सांगता येणार आहे?"

उतार संपला. हॉटेलाचे पत्रे दिसायला लागले. काका तसेच पुढे निघून जाणार, असंच मला वाटलं. एकदम त्यांनी गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवली, खिशात टाकली.

"उतरा. ढकलायची आहे."

"पण चालू आहे ना ती!"

"म्हणून तर."

आयटीतल्या एका बाईने, इस्त्रीच्या ड्रेसमध्ये, शेजारून ट्रक हॉर्न मारत जात असताना, एक धडधाकट गाडी ढकलत नेली. काका बाहेरून स्टिअरिंग धरून चालत होते आणि अधूनमधून कपाळाचा घाम पुसत होते. तो खरा होता.

हौसाबाई बादली घेऊन पुढे आल्या. साठीच्या, काटक, पदर खोचलेला. "आवं काका, कुठं व्हता इतकं दिस? रोज वाट बघतोय. आन् ह्या कोण?"

"शेजारच्या. घाटात बसली हो गाडी," काका म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही हे मला तिथे समजलं. नजर पार गोठ्यावर.

"बसायचीच," असं म्हणत हौसाबाईंनी सवयीने बॉनेट वर केलं, फडकं पिळलं आणि हात पंपाकडे नेला. पंप नव्हताच. त्या जागी कोरी करकरीत पत्र्याची पट्टी. फडकं हातात तसंच राहिलं. त्यांनी एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा काकांकडे. काका अजून म्हशी बघत होते.

हौसाबाईंनी ते ओलं फडकं त्या पट्टीवर अलगद पसरलं, चारी कोपरे नीट केले.

"लई तापलीया," त्या म्हणाल्या. "आज काय दुपारपातुर हलायची न्हाई. भाकरी टाकते, जेवूनच जावा."

"आता इलाज नाही," असं म्हणून काकांनी माझ्या हातातला बर्फीचा पुडा घेतला आणि चपला काढून आत गेले.