विचारून मारणारे परब सर

समस्त चारकोपवासीयांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये यापुढे कोणालाही मार खायचा असल्यास तो खाणाऱ्याला विचारून, त्याच्या सोयीने आणि त्याने पसंत केलेल्या जागी मिळेल.

हा क्रांतिकारी निर्णय घेणाऱ्या महापुरुषाचं नाव प्रभाकर परब. वय त्रेसष्ट, उंची बेताची, मिशी भरघोस आणि कमरेला कराटेचा ब्लॅक बेल्ट, जो धुऊन धुऊन आता करडा झालाय. सगळे त्यांना परब सर म्हणतात. ते स्वतःला सर म्हणवून घ्यायला मात्र तयार नाहीत.

"तावडे, मी शिक्षक नाय," ते मला म्हणाले. "मी नुसती सोय आहे. मध्यभागी तुम्ही."

हे खूळ दोन वर्षांपूर्वीचं. त्याआधी परब सर अगदी नॉर्मल, म्हणजे भयंकर होते. हातात वेताची छडी आणि आवाज असा की बी विंगमध्ये कुकरच्या शिट्या मोजता यायच्या नाहीत. चिडले की थेट मालवणला पोचायचे. "लक्ष खंय आसा तुझा?" अशी आरोळी उठली की पोरं कापत कापत लाथा मारायची आणि बाहेर बाकड्यावर बसलेले पालक समाधानाने माना डोलवायचे. मग कोणीतरी सरांना अंधेरीच्या एका हॉटेलात प्रशिक्षकांच्या दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. तिथे सांगण्यात आलं की, शिकवणाऱ्याने आपलंच घोडं पुढे दामटू नये, शिकणाऱ्याला काय हवंय ते विचारावं, त्याला केंद्रस्थानी ठेवावं. बाकीच्या प्रशिक्षकांनी ते ऐकलं, पनीर खाल्लं आणि घरी गेले. परब सरांनी ते खरं मानलं.

सोमवारी त्यांनी हॉलच्या बरोबर मध्यभागी खडूने वर्तुळ काढलं. ज्याची पाळी त्याने केंद्रस्थानी उभं राहायचं. सर भोवती प्रदक्षिणा घालत विचारणार, "तुका काय व्हया?"

पाच वर्षांचा अन्वय वर्तुळात उभा राहिला आणि म्हणाला, "ब्लॅक बेल्ट."

"कशाक रे?"

"पॅन्ट घसरते."

दुसऱ्या दिवशी सर काळी नाडी घेऊन आले आणि स्वतः सेफ्टी पिनने ती अन्वयच्या पॅन्टमध्ये ओवून दिली. सहा महिने पिवळ्या पट्ट्याची वाट बघणारी त्याची आई हे बाकड्यावरून बघत होती. तिचा चेहरा मी इथे वर्णन करत नाही, कारण हे लेखन लहान मुलंही वाचतील.

मी गेलो तो डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितलं म्हणून. "पोट ही तक्रार झाली," सर म्हणाले. "इच्छा सांगा." आता खरं बोलायचं तर माझी एकच इच्छा होती. आमचे सेक्रेटरी शेट्ये यांनी माझ्या पार्किंगच्या जागेत तुळशीच्या आठ कुंड्या मांडल्या होत्या. मी म्हणालो, "शेट्येला एक लाथ घालायची आहे."

कुठलाही सभ्य शिक्षक हसला असता. सरांनी ते वहीत लिहून घेतलं. मग लिफ्टमध्ये शेट्येंच्या शेजारी उभे राहून त्यांची कंबर नजरेने मोजून आले आणि हॉलच्या भिंतीवर बरोब्बर तेवढ्या उंचीवर चिकटपट्टी लावली. तीन महिने मी त्या पट्टीवर लाथा झाडल्या. ज्या दिवशी पाय पोचला त्या दिवशी लक्षात आलं की, पोट बरंच आत गेलंय आणि शेट्येचा राग कुठे गेला ते कळत नाहीये.

"वाट लागली सर," मी म्हणालो. "लाथ आली आणि इच्छा गेली."

"होता तसा कधीकधी," सर गंभीरपणे म्हणाले. "दुसरी बघूया."

पण कमाल केली ती कांबळेबाईंनी. महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या नर्स, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. वर्तुळात उभ्या राहून म्हणाल्या, "मला कोणाला मारायचं नाही. जन्मभर मार खाल्लेल्यांना पट्ट्या बांधल्यात. मला पडायला शिकवा. घरात पडले तर उचलायला कोण आहे?"

सरांनी गाद्या मागवल्या. रोज आधी स्वतः पडून दाखवायचे. मागे, डावीकडे, हनुवटी छातीला, हाताची जमिनीवर थाप. त्रेसष्टाव्या वर्षी हा माणूस एका संध्याकाळी वीस वेळा धाडकन पडतोय आणि बाई कमरेवर हात ठेवून सांगतायत, "परत एकदा. नीट दिसलं नाही."

असा आमचा जगप्रसिद्ध क्लास. एक जण पडतोय, एक जण नाडी बांधतोय, एक जण भिंतीशी भांडतोय. या सगळ्यात खरं कराटे यायचं एकटीला, बारा वर्षांच्या तन्वीला. तिच्या जोरावर आम्ही भांडुपच्या स्पर्धेत चक्क अंतिम फेरीत पोचलो. सगळे पालक मोबाइल रोखून बसलेले. पंचांनी हात वर केला, आणि तन्वीने मान वळवून हाक मारली, "सर, मला नाही लढायचं आज."

"बरा," सर म्हणाले. "मगे काय व्हया?"

"काला खट्टा."

सरांनी पंचांना वाकून नमस्कार केला, समोरच्या मुलीला केला, तन्वीच्या आईला जरा जास्तच वाकून केला, आणि गुरू-शिष्य गोळेवाल्याकडे रवाना झाले. पदक समोरच्या मुलीला गेलं. आमच्या वाट्याला दोन जांभळ्या जिभा आल्या.

पुढच्याच रविवारी सोसायटीची सभा. विषय एकच: कराटेचा क्लास बंद करून हॉल झुम्बाला द्यावा.

शेट्येंनी वकिली थाटात सुरुवात केली. "सर, दोन वर्षांत पदकं किती?"

"कोणी मागितला नाय."

"पट्टे?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "एक. नाडी धरून."

हॉल हसला. तन्वीची आई उठली. "अहो, ती नाही म्हणाली तर तुम्ही समजवायचं ना! ओरडायचं जरा! पूर्वी ओरडायचात ना?"

"ओरडायचो," सर म्हणाले. "तेव्हा ती मला घाबरून लढायची. तुम्हाला ता आवडायचा. तिका नाय."

तन्वीची आई खाली बसली, पण तिच्या बाजूने निम्मी ए विंग बसली होती. आता मीच उठून बोलायला हवं होतं. पण माझी लाथ सेक्रेटरीच्या कमरेपर्यंत जाते, आवाज मात्र भरसभेत माझ्या घशापर्यंतसुद्धा येत नाही. उठल्या त्या कांबळेबाई. "मला अजून उजव्या बाजूने पडता येत नाही. माझं शिकणं अर्धवट राहील."

"बाई, झुम्बातपण पडायला होतं," शेट्ये म्हणाले. पुन्हा हशा. हात वर करून मत द्यायची वेळ आली.

शेट्ये माणूस वाईट नाही. जिंकल्यावर तर तो फारच चांगला वागतो. तो सरांजवळ गेला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका सर. पेन्शन आहे, घर आहे, मुलगा बंगळुरूला मजेत. पोरांचं सोडा, तुमचं स्वतःचं काय अडणार आहे क्लासवाचून?"

क्लास अजून चालू आहे, हे आताच सांगून टाकतो. झुम्बावाल्या बाई सकाळी येतात. क्लासच्या बाजूने हात वर झाले तेव्हा पहिला हात तन्वीच्या आईचा होता. यात माझ्या वक्तृत्वाचा काडीचा वाटा नाही. सरांनीही भाषण केलं नाही. ते उत्तर द्यायला उभे राहिले, शिबिरातलं एखादं छापील वाक्य आठवत राहिले. ते आठवेना. पट्ट्याची टोकं दोन्ही हातांनी ओढत राहिले. आणि मग अख्ख्या सोसायटीसमोर त्यांच्या तोंडून निसटलं,

"अरे शेट्ये, मगे संध्याकाळचो मी जाव खंय?"