कुट्टनचा दाखला दफ्तरी सापडला त्याची हकीकत

श्री तेक्केमंगलम भगवतीचे पायी डोके ठेवून, घडले तेच लिहावे आणि पदरचे घातले तर शोभेल इतुकेच घालावे, ऐसा नेम करोन ही हकीकत लिहिली आहे. त्रिशूर प्रांती तेक्केमंगलम नामे गाव. कोल्लम शके बाराशे एक, मीनमास. तेथील देवस्थानाचे चिटणीस, टपालखात्यात चौतीस वर्षे पत्रांची वर्गवारी करोन नामांकित जाहलेले, राजमान्य राजश्री अच्युत वारियर, यांणी आपुले घरचे संगणकावर जी मोहीम केली तिचे बयान पुढे करितो.

वारियरांचे दफ्तराची रीत ऐशी जे, फोल्डर म्हणोन जी वस्तू आहे तिजवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. कागद पेटीत गेला की मेला, ऐसे त्यांचे मत. कारण उभी हयात त्यांणी पत्रे उघड्या खणांत टाकिली होती आणि हातास खण ठाऊक, नाव वाचावयाची गरजच काय. यास्तव संगणकाचे पडद्यावर पूरमची, म्हणजे देवीचे वार्षिक उत्सवाची, मोठी तसबीर लाविली होती, तीत पंधरा हत्ती ओळीने उभे, भाळी सोनेरी पट्टे, आणि मध्ये आठवा कुट्टन, देवीची मूर्त पाठीवर घेऊन; आणि त्या हत्तींवर तीनशे सत्याऐंशी कागद वारियरांणी हातांनी मांडिले होते. रेशनकार्ड तिसऱ्याचे उजवे कानी, सुभद्रा वारस्यार म्हणजे त्यांचे कुटुंब, तिचे साखरेचे तपास सहाव्याचे सोंडेखाली, ढोलवाल्यांची यादी अकराव्याचे शेपटापाशी. नाव पुसाल तर सर्वांचे एकच, स्कॅन, आणि पुढे आकडा. संगणकातील घड्याळ बंद पडलेले, म्हणोन तारीखही सर्वांची एकच. परंतु वारियर डोळे मिटून कागद काढीत, आणि गाव थक्क होत असे.

मग जाहले ऐसे की, वारियर बहिणीकडील श्राद्धास पालक्काडास तीन दिवस गेले, आणि मागे त्यांची सून रेम्या, जी गतवर्षीच लग्न होऊन कासरगोडाहून आली आणि संगणक केंद्रात कामास आहे, तिचे मनी आले की अच्छनांचे, म्हणजे सासऱ्यांचे, काही तरी भले करावे. हेतू निर्मळ, हात चपळ. ऐशा माणसांपासून देवच राखो. तिणे तीनशे सत्याऐंशी कागद एकेक उघडोन पाहिले, सहा फोल्डर उभे केले, देऊळ, घर, टपालखाते, दुखणी, फोटो आणि इतर, आणि ज्याची त्याची रवानगी करोन तसबीर काढून मागे निळा रंग दिला. पंधरा हत्ती एका बोटाने गारद जाहले.

वारियर चौथे दिवशी सकाळी परतले, तो दारी कुट्टनचा माहूत शंकुण्णी उभा, तोंड उतरलेले, हाती कागदाचा लगदा. जिल्ह्याचे कचेरीस हत्तीचे प्रकृतीचा दाखला आज चारचे आत न पोचला तर परवाचे पूरमात त्यास उभे करू देत नाहीत, आणि तो दाखला शंकुण्णी कंबरेस खोवून हत्तीस धुवावयास तळ्यात उतरला होता. दाखला लिहिणार डॉक्टर लेकीचे बाळंतपणास आखातात दोह्यास निघालेले, ते विमानात. वारियर हसले, आणि घाबरू नये, स्कॅन करोन ठेविला आहे, कुट्टनचेच डावे सुळ्याखाली आहे, ऐसा दिलासा देऊन संगणकापाशी गेले. आणि पडदा उजळला तो निळा, स्वच्छ, रिकामा.

येथे कुट्टनचे थोडके सांगितले पाहिजे. बावीस वर्षे तेक्केमंगलमची देवी त्याचेच पाठीवरून निघत आली. यंदा वय एकसष्ट, गुडघे धरू लागलेले. म्हणोन धन्याने ठरविले की हे पूरम शेवटचे, मग त्याणे रानात सावलीस उभे राहावे आणि खावे. वारियरांणी स्वतः धन्याचे घरी जाऊन हे एक पूरम मागून आणिले होते. तिकडे पूरम समितीचे अध्यक्ष दिनेशन, मोठे सुधारक, त्यांणी चाकांवरचा यंत्राचा हत्ती, ज्याचे कान विजेवर हालतात, तो टेंपोत घालून गावचे वेशीपाशी आणोन ठेविला होता आणि निरोप धाडिला की दाखला नसलिया देवीस यावरून काढावे. म्हातारा कुट्टन देवीचा निरोप न घेताच जाणार, हे वारियरांचे मनास लागले. सुनेस रागे भरावे तर तिणे प्रेमाने केलेले. म्हणोन राग गिळला.

रेम्यास कामावरून बोलाविणे गेले, ती स्कूटरवरून धावत आली आणि संगणकाचा ताबा घेतला. नाव काय, म्हणोन पुसले, तो उत्तर आले, स्कॅन. तारीख? सर्वांचीच एक. मग ठेविला कोठे होता? तर सुळ्याखाली. तेव्हा तीस आपण काय करोन बसलो हे कळले, आणि ती रडावयाचीच बाकी राहिली. परंतु रडणे पुढे ढकलोन तिणे फर्मान काढिले की एकेक कागद उघडावा, अच्छनांणी पाहावा, आणि कुट्टनचा दिसताच थांबवावे. प्रथम देऊळ नामे फोल्डरावर चाल केली. एकशे बारा कागद, दारूकामाचे परवाने, ढोलवाले, मशालींचे तेल, परंतु कुट्टन नाही. मग फोटोंवर गेले, तेथे कुट्टन साठ वेळा सापडला, नाहताना, खाताना, दिनेशनकडे पाठ करोन उभा. परंतु दाखला नाही. येणेप्रमाणे दोन वाजले.

मग इतर या फोल्डरात शिरले. तेथे वारियरांचे सहीचे देवस्थानाचे अकरा राजीनामे निघाले, दर पूरमनंतर एक, भाषा जळजळीत, आणि एकही धाडिलेला नाही. वारियर खिडकीबाहेर पाहू लागले. सुभद्राबाई ताकाचे पेले घेऊन आल्या होत्या, त्यांणी पडद्यावर नजर टाकून म्हटले, "दरवर्षी दोन दिवस जेवायचे नाहीत, ते हे लिहीत बसायचे होय! मला वाटायचं उन्हाने होतं." इतर संपले, टपालखाते संपले, घर संपले, तीन वाजून वीस मिनिटे जाहली, आणि दिनेशनाचा दुसरा निरोप आला की यंत्रगजास फुले घालावी काय. राहिले एक फोल्डर, दुखणी. वारियर म्हणाले की त्यात माणसांचे कागद, ते कशास पाहावे; आणि खुर्चीत मागे टेकोन डोळे मिटून बसले.

रेम्याने ताकाचा पेला खाली ठेविला. सासऱ्यांचे मन दुसरीकडे न्यावे ऐशा मायेने तिणे पुसले, "अच्छन, ते पुत्तेडत्त माधवन आपले कोण लागतात हो? मी तुम्हाला विचारणारच होते. एकसष्ट म्हणजे काही फार वय नाही, पण चारच दाढा राहिल्यात बिचाऱ्यांच्या. आणि डॉक्टरांनी वजनात टिंब द्यायचं विसरून चार हजार दोनशे लिहिलंय, म्हणजे बेचाळीसच किलो. किती वाळलेत! मनात होतं, केळी घेऊन एकदा भेटून यावं."

वारियरांणी डोळे उघडिले. दारात बसला शंकुण्णी उठोन उभा राहिला.

बाहेरचे वाचकास सांगणे जरूर, की त्या मुलखात हत्तीसही माणसासारखे आधी घराण्याचे नाव आणि मग स्वतःचे नाव असते, आणि घरी हाक मारावयाचे लाडके नाव वेगळे. पुत्तेडत्त घराण्याचा माधवन, तोच गावचा कुट्टन. परंतु बावीस वर्षांत माधवन म्हणोन त्यास कोणी हाक मारिली नव्हती, मग कासरगोडची पोर काय जाणे. त्यात डॉक्टरांचा शिक्का नेमका मथळ्यावर बसोन जनावर हा शब्दच झाकला गेलेला. खाली लिहिले होते की स्वभाव शांत, मिरवणुकीत उभे राहण्यास हरकत नाही. ते वाचोन तिणे समजले की कोणी हौशी वृद्ध आहेत.

"पोरी," वारियर म्हणाले, आणि खुर्ची पडद्याकडे ओढिली. शंकुण्णीनेच म्हटले, "आमचाच तो. वाळलेला नाही, वहिनी. उलट डाएटवर ठेवलाय."

मग जी धांदल उडाली ती काय लिहावी. तीन बावन्नास दाखला जिल्ह्यास रवाना जाहला आणि तीन सत्तावन्नास मंजुरी आली. यंत्राचा हत्ती टेंपोत उभा राहोन, कोणी कळ बंद करावयाची विसरल्यामुळे कान हालवीत, आल्या वाटेने परत गेला. दिनेशन दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. परवाचे दिवशी कुट्टन देवी घेऊन मध्ये उभा राहिला, गुडघे दुखत असतील तरी दाखविले नाही. आणि ढोल थांबताच रेम्याने पुढे होऊन बोलिल्याप्रमाणे केळ्यांचा अख्खा घड त्यास दिला. तो त्याणे दोन घासांत संपवोन तिचे खांद्यावरचा पदर हुंगिला, आणखी आहेत काय म्हणोन.

पूरमनंतर सासरासुनेचा तह जाहला. पंधरा हत्तींची तसबीर पडद्यावर पुन्हा आली, आणि सहा हत्तींवर एकेक फोल्डर, आत काय ते नाव घालोन, मांडिले. दोघांचेही म्हणणे राहिले. दुखणी नामे फोल्डर आठव्याचे डावे सुळ्याखाली. त्यात सुभद्राबाईंची साखर, वारियरांचा गुडघा, आणि पुत्तेडत्त माधवनाचा दाखला. रेम्याने तो तेथून काढून देऊळ नामे फोल्डरात न्यावयास उचलिला, तो वारियरांणी तिचा हात धरिला.

"असू दे तिथंच," ते म्हणाले. "घरच्यांतच आहे तो. तू बरोबर ठेवला होतास."

यंदा राजीनामा लिहिला गेला नाही. वारियर दोन्ही दिवस पोटभर जेवले, याची नोंद सुभद्राबाईंचे सांगण्यावरून येथे केली आहे. मीनमास, उतरते ऊन, कलम थांबविले.