संग्रहालय महोत्सवानिमित्त बंद

वारसा टिकवायचा असेल तर त्याला माणसांपासून लांब ठेवावं लागतं. हे तत्त्व आमच्या बंदर-संग्रहालयाने जितक्या निष्ठेने पाळलंय तितकं क्वचितच कुणी पाळलं असेल. (मी महोत्सव समितीचा चिटणीस. आत जाण्याचा योग अद्याप आलेला नाही.)

संग्रहालयाच्या गौरवार्थ आम्ही दरवर्षी महोत्सव भरवतो. गेल्या साली अकरा हजार माणसं लोटली. एवढ्या गर्दीत वस्तूंना धक्का लागायचा, म्हणून त्या दिवशी संग्रहालय बंद असतं. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ते दहा ते पाच उघडं असतं, पण तेव्हा कुणी फिरकत नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, "आता कशाला? महोत्सवाला जाऊच की!"

आत सुतारमामा बसतात. उभा जन्म होड्या बांधण्यात गेला. आता रखवालदार तेच, माहिती सांगणारे तेच आणि झाडूही तेच मारतात. नियम असा, की वर्षभरात जी वस्तू कुणी पाहिली नाही ती महोत्सवाच्या कामी लावावी. त्यानुसार शीड मंडपावर चढलं, सुकाणूचं चाक बक्षिसांच्या खेळात फिरू लागलं आणि जहाजाचा नांगर फुगेवाल्याच्या तंबूला बांधला. (तंबू अजून उडालेला नाही, ही अभिमानाची बाब.)

यंदा उरलीय फक्त एक होडी. मामांनी वडिलांबरोबर बांधलेली, शेवटची. ती मधोमध कापून आइस्क्रीमचा काउंटर करावा, असा ठराव एकमताने झाला. कापायला जाणता हात हवा, म्हणून ते काम मामांनाच दिलं. तेवढा मान आम्ही राखतो.

मामा समितीपुढे आले. "साहेब, आतल्या हजेरीवहीत एक जरी नाव पडलं तर?"

"तर होडी वाचली!" अध्यक्ष म्हणाले. "आम्ही काय राक्षस आहोत?"

मामांची लेक धावत आली. तासभर होडीवरून हात फिरवत राहिली, डोळे पुसत सही केली. नातलगांची सही धरत नाहीत, हे तिला सांगताना मला खरंच वाईट वाटलं. "मग तुम्ही तरी या ना आत, दोन मिनिटं," ती म्हणाली. मी घड्याळ पाहिलं. नेमकी बैठक होती. (विषय : संग्रहालय कसं वाचवावं.)

मुदत सोमवारी पाचपर्यंत. करवतीला धार लावून झालीय. मामांनी ती पोत्याखाली झाकून ठेवलीय. सध्या ते अभिप्रायाची वही चाळत असतात. महोत्सवात ही वही फाटकाबाहेर ठेवतो, त्यामुळे ती कौतुकाने ओसंडून वाहतेय. परवा एका पानावर बोट ठेवून त्यांनी मला वाचून दाखवलं, "फार स्तुत्य उपक्रम! आपला वारसा आपणच जपायला हवा. सवडीने आत नक्की येऊ."

"हे येतील बघा," मामा म्हणाले. "किती मनापासून लिहिलंय."

मी खाली सही पाहिली. तुमची आहे.