नुसतं घर, वरून काही नाही

"अगं बाई! इतक्यात आलात? सह्या होऊन अजून सहा महिनेसुद्धा झाले नाहीत!"

एर्सिलियामावशी कणीक मळत होती. नोव्हेंबरातली सकाळ, चुलीवर घेवडा रटरटतोय, आणि कुणीतरी बाहेरून किल्ली लावून सरळ दार उघडलं. दारात एक उंचच्या उंच हॉलंडचं जोडपं उभं. नवऱ्याच्या काखेत गादीची वळकटी, बायकोच्या हातात टेबलावरचा दिवा. मागे आमच्या गल्लीत अंग चोरून उभी राहिलेली त्यांची गाडी, आणि गाडीमागच्या ट्रेलरवर कपाट, चार खुर्च्या आणि एक सायकल. आमच्या रोक्काविस्कात सायकल! गावात सपाट अशी एकच जागा आहे, चर्चचा ओटा.

नवऱ्याने गादी खाली ठेवली, खिशातून छोटं पुस्तक काढलं, पान शोधलं आणि घसा साफ करून वाचलं, "क्षमस्व महोदया. आपण येथे कोणत्या कारणास्तव उपस्थित आहात?"

"मी?" मावशी म्हणाली. "मेल्या, मी इथेच असते!"

या गृहस्थाचं नाव विबे, बायकोचं हिस्का. विबेने चौतीस वर्षं कालव्यावरच्या पुलावर नोकरी केली होती. बोट आली की पूल वर, बोट गेली की पूल खाली, आणि मधल्या वेळात पुढच्या बोटीची वाट बघायची. हिस्काची बोटं थंडीत आखडायची, इतकी की कोटाची बटणं नवऱ्याला लावावी लागायची. डॉक्टरने सांगितलं, हिवाळ्यात दक्षिणेकडे जा. मग दोघांनी चार वर्षं घर शोधलं. स्पेनमधलं परवडेना. पोर्तुगालमध्ये परवडलं, तर त्याला जिना नव्हता. ग्रीसमधल्या घराला जिना होता, पण अकरा भावंडांची सही लागत होती आणि त्यातली दोन एकमेकांचं तोंड बघत नव्हती. शेवटी इटलीत, आमच्या आब्रुझ्झोच्या डोंगरातलं हे घर सापडलं. चार खोल्या, अंगणात अंजीर, खिडकीतून सगळी दरी, आणि किंमत त्यांच्या गाडीपेक्षा थोडी जास्त.

इतकं स्वस्त कसं, हे त्यांनी विचारलं नाही असं नाही. उत्तर कागदावरच होतं, 'नूदा प्रोप्रिएता'. नूदा म्हणजे उघडी, नुसती; प्रोप्रिएता म्हणजे मालकी. घर तुमचं, पण राहणार जुना मालकच, तोही मरेपर्यंत. तो गेला की तुम्ही या. म्हणून स्वस्त. आमच्याकडे शेंबड्या पोराला विचारलं तरी तो हे सांगेल. पण सह्यांच्या दिवशी शेंबडं पोर नव्हतं, ओरेस्ते होता.

विकत घेणाऱ्याला भाषा येत नसेल तर दुभाषी लागतो असा कायदा. आमच्या गावात हॉलंडची भाषा येणारा एकच, मावशीचा भाचा ओरेस्ते. तो अकरा वर्षं हॉलंडमध्ये आइस्क्रीम विकत होता. म्हणजे भाषा अगदी पाठ, पण आइस्क्रीमपुरती. नोटरीने आगगाडीच्या वेगाने कागद वाचला, 'नूदा'पाशी ओरेस्ते अडखळला, क्षणभर विचार केला आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं ठणकावून म्हणाला, "नुसतं. वरून काही नाही."

विबे-हिस्का एकमेकांकडे बघून हसले. वरून काही नाही, म्हणजे सामान नाही. हरकत नाही, सामान आपण आणू! मावशीला वाटलं, काय समजूतदार माणसं आहेत, आपण जगणार म्हटलं तरी हसतायत. तिने तिथल्या तिथे खिशातला घराच्या किल्ल्यांचा जादा जुडगा काढून विबेच्या हातात ठेवला. का? तर आपण गेल्यावर दार मोडायला नको. चांगलं अक्रोडाचं दार आहे, सासऱ्यांच्या हातचं.

आता ओरेस्तेला बोलावणं गेलं. तो आला, ट्रेलर बघितला आणि परत निघाला होता, पण मावशीने कणकेच्या हाताने त्याची कॉलर धरली.

"काय सांगितलंस रे यांना?"

"बरोबर तेच सांगितलं, मावशी! नुसतं घर!"

"आणि मी? मी कुठे गेले त्यात?"

"तू म्हणजे..." ओरेस्ते चाचरला, "तू वरून आहेस ना. म्हणजे क्रीम. क्रीम येणार नाही असं मी सांगितलं. ते त्यांना कळलं नाही, त्याला मी काय करू?"

मग त्याने आइस्क्रीमच्या शब्दांत सगळा उलगडा केला. हिस्का ट्रेलरवरच्या खुर्चीवर बसून रडायला लागली. साठवलेलं सगळं या घरात घातलं होतं. हॉलंडचं घर मार्चअखेरपर्यंत भाड्याने दिलं होतं. परत जायला जागा नाही, राहायला जागा नाही आणि थंडी तर सुरू झालेली. मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या आखडलेल्या बोटांकडे पाहिलं.

"वरची खोली मोकळी आहे," ती म्हणाली. "राहा मार्चपर्यंत. पण हक्काने नाही हं, पाहुणे म्हणून. आणि माझ्या कढईला हात लावायचा नाही."

अशा रीतीने विबे आणि हिस्का स्वतःच्या घरात पाहुणे झाले.

यात आणखी एक गंमत होती, ती त्यांना आठवड्याने कळली. त्यांच्या पैशांतून मावशीने दोन्ही गुडघे नवे बसवून घेतले होते. सरकारी दवाखान्यात नंबर दोन वर्षांनी लागणार होता, म्हणून खासगीत. डोळ्यांचंही झालं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई चर्चच्या पायऱ्या दोन-दोन करून चढायची. बारमध्ये आम्ही विबेला कॉफी पाजायचो आणि म्हणायचो, "गुडघे कुठल्या कंपनीचे बसवले हो? पंचवीस वर्षांची हमी असते म्हणतात." विबे पुस्तकात 'हमी' शोधायचा.

त्याची भाषा सगळी त्या पुस्तकातली. त्यात स्त्रीलिंगाचा धडा आधी होता, पुल्लिंगाचा नंतर, आणि विबे अजून नंतरच्या धड्यापर्यंत पोचला नव्हता. त्यामुळे पाव ती, रस्ता ती, फादर दोमिझिओसुद्धा तीच. आम्हाला सवय झाली होती. नाझारेनोला मात्र नव्हती.

नाझारेनोचं खिळे, रंग, बियाणं आणि औषधांचं दुकान. डिसेंबरात एका सकाळी विबे तिथे गेला. पुस्तकात एक शब्द नव्हता, पण विबे डगमगणारा माणूस नाही, त्याने वर्णन करायचं ठरवलं.

"महोदय, मला विष अपेक्षित आहे."

"विष? कशाला?"

"आमच्या निवासस्थानी एक आहे. वय अज्ञात. तिचं वास्तव्य स्वयंपाकगृहात असतं."

नाझारेनोच्या हातातला तराजू थांबला. "कोण आहे?"

"लहान आहे. काळी. परंतु अत्यंत चपळ. आमचं सर्व चीज ती भक्षण करते."

मावशी नवरा गेल्यापासून वीस वर्षं काळ्या कपड्यांत आहे. आणि चीजच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही, हे सबंध गावाला ठाऊक.

"आम्ही पुष्कळ प्रतीक्षा केली," विबे खेदाने म्हणाला. "परंतु ती जात नाही."

नाझारेनोने विषाऐवजी खडूची पूड पुडीत बांधून दिली आणि विबे वळल्याबरोबर मागच्या दाराने फौजदाराकडे पळत सुटला. वाटेत भेटेल त्याला सांगत गेला. विबे रमतगमत, अंजिराच्या काड्या वेचत घरी पोचेपर्यंत स्वयंपाकघरात फौजदार, फादर दोमिझिओ, ओरेस्ते आणि दारात निम्मं गाव जमलं होतं. खोटं कशाला सांगू, मीही होतो.

"पुडी टेबलावर ठेवा," फौजदार म्हणाला.

विबेने ठेवली. "सुप्रभात. ती सापडली का?"

"बघा! बघा कसा विचारतोय!" नाझारेनो किंचाळला.

मावशी आतून ओल्या हातांनी बाहेर आली. "आणलंस का रे उंदराचं औषध? सकाळी पाठवलेला माणूस, काय हॉलंडहून आणायला गेला होतास?"

फौजदाराने टोपी काढली.

"उंदीर," मावशीने विबेला शिकवलं. "म्हण, उंदीर. तो उंदीर."

"तो उंदीर," विबे म्हणाला. हे त्याच्या आयुष्यातलं पहिलं पुल्लिंग.

फौजदार आलाच होता म्हणून जेवायला थांबला. मावशीने सगळ्यांदेखत विबेच्या ताटात आधी वाढलं आणि म्हणाली, "आधी तू खा. मग मी." आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसली. ठसका लागला तसा विबे खुर्ची पाडून पाणी घेऊन धावला, कारण दारातले सगळे त्याच्याकडेच बघत होते.

त्या दिवसापासून विबेची झोप उडाली. म्हातारीला पडसं झालं तरी गाव आपल्याकडे बोट दाखवणार! त्याने जिन्याला कठडा बसवला. पायऱ्यांवर बर्फ पडला की मीठ टाकायला पहाटेच्या आधी हजर. रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं. लाकडं तो फोडायचा, पिशव्या तो उचलायचा. मावशी कुरकुरायची, "माझे गुडघे काय शोभेला बसवलेत?" आणि पिशवी त्याच्या हातात द्यायची.

इकडे हिस्का रोज सकाळी मावशीबरोबर कणीक मळायला बसू लागली. चुलीच्या उबेत, कोमट कणकेत हात घालून. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी तासन् तास बोलायच्या. जानेवारीत एकदा हिस्काने आपल्या कोटाची बटणं आपण लावली. विबे बघत राहिला. मग तो अंगणात गेला आणि अंजिराच्या झाडाशी उगाच बराच वेळ उभा राहिला. हॉलंडची माणसं रडताना झाडाकडे बघतात, असं आम्ही समजून घेतलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मावशी उठली नाही. सात वाजले, आठ वाजले, साडेनऊ. चूल थंड. खोलीच्या दाराला किल्ली फिरवलेली होती. विबेने टकटक केली. उत्तर नाही.

त्याच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा होता. मावशीने दिलेला, याच दिवसासाठी दिलेला. तो दारापुढे उभा राहिला, किल्ली भोकापर्यंत नेली आणि परत घेतली. पुन्हा नेली, पुन्हा घेतली.

"उघड ना," हिस्का म्हणाली.

"नको. थोडी वाट बघू."

"कशाची?"

ते त्याला सांगता येईना. चौतीस वर्षं वाट बघून पगार घेतलेला माणूस मटकन पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. या वेळी जवळ झाड नव्हतं. "मला नको हे घर," तो म्हणाला. "ओरेस्तेला सांग, परत कर म्हणावं. मला क्रीमसकट हवंय."

तेवढ्यात खालचं दार उघडलं. मावशी काळ्या कोटात, ओठांना लाली लावून, हातात पाकीट घेऊन आत आली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

विबेने तिला बघितलं, आणि पुस्तक न काढता, लिंग-वचन सगळं बरोबर घालून, तो इतका ओरडला की खाली बारमध्ये ऐकू आलं, "कुठे गेली होतीस तू, मावशी? सांगून जाता येत नाही?"

मावशी चाट पडली. वीस वर्षांत तिच्यावर कुणी ओरडलं नव्हतं. तिने हळूच डोळे पुसले, कोट काढला आणि म्हणाली, "पहिल्या बसने तालुक्याला गेले होते. काम होतं. कॉफी ठेव."

काय काम, ते सांगितलं नाही. ते मार्चअखेरीला कळलं.

निघायच्या दिवशी विबेने गाडीत सामान भरलं. कपाट आणि खुर्च्या ठेवूनच जायच्या होत्या, नोव्हेंबरात परत यायचंच होतं. त्याने दार लावलं, मागे वळला, तर गाडीत पुढच्या सीटवर मावशी बसलेली. मांडीवर पाकीट, पायाशी कढई, आणि मागे टोमॅटोच्या रसाच्या बाटल्यांनी भरलेली सोळा खोकी. गल्लीत सगळे आम्ही.

"हे काय?" विबेने विचारलं.

मावशीने पाकिटातून नवंकोरं, परदेशात चालणारं ओळखपत्र काढून दाखवलं. "त्या दिवशी फोटो काढायला गेले होते. अरे, जुलैत इथे अंगाची लाही लाही होते. परवडेल असं उन्हाळ्यापुरतं थंड घर मी कधीपासून शोधत होते, पण माझ्या ऐपतीतलं मिळेना. तुमचं बरं आहे. कालवा आहे, वारा आहे. हिवाळाभर मी ठेवून घेतलं, आता उन्हाळाभर तुम्ही ठेवा."

विबेने ओरेस्तेकडे बघितलं. ओरेस्तेने हिस्कासाठी भाषांतर केलं, "नुसती मावशी. वरून काही नाही." हिस्का सोळा खोक्यांकडे बघून इतकी हसली की तिला गाडीचं दार धरावं लागलं.

"बरं," मावशी म्हणाली, "तुझं वय काय रे?"

"एकाहत्तर."

"आणि रक्तदाब? त्या यंत्रावर तू मला मोजतोस, मग स्वतःला लावतोस, ते मी बघितलंय. एकशे साठ!"

विबे गाडीची काच पुसायला लागला.

मावशीने हात पुढे केला. "मग मलाही तिकडची एक किल्ली देऊन ठेव. उगाच दार मोडायला नको."