यादीत नसलेली शिवी

बसा भाऊ, टेका जरा. चहा टाकलाय, तो उकळेपर्यंत आमच्या उंबरडोहला पूल कसा मिळाला ते सांगतो. पूल सिमेंटचा दिसतो, पण उभा आहे एका शिवीवर. हसू नका, सरकारी गोष्ट आहे.

भडगावच्या पुढं गिरणा नदीच्या अलीकडच्या काठाला आमचं गाव, पलीकडं जामवाडं. अलीकडं धुरपदाबाई, पलीकडं तिची धाकटी बहीण भिकुबाई. दोघी सत्तरीच्या पुढच्या, दोघींचे गुडघे कामातून गेलेले. वाळू तुडवत जाणं होत नाही, आणि वळसा घालायचा तर दोन एसट्या बदला. म्हणून भेट आखाजीलाच, म्हणजे अक्षय तृतीयेला, तीही लांबून. आखाजीला आमच्याकडं दोन्ही गावच्या बाया आपापल्या काठावर उभ्या राहतात आणि पाण्यावरून एकमेकींना शिव्या देतात. राग नसतो त्यात. जिला आखाजीची शिवी बसली तिची वर्षाची पीडा टळली. भिकुबाई तर म्हणायची, "दवाखाना मागून. आधी धुरपदीले तोंड सोडू द्या."

आणि मग आलं 'सौजन्य ग्राम अभियान'. वर्षभर गावात शिवी ऐकू आली नाही तर मागाल ते काम मंजूर. सरपंच रतिलालभाऊंनी पूल मागितला. ठराव मांडताना कोणीतरी मागं हसलं, त्याला भाऊंनी जे म्हटलं तो अभियानातला पहिला गुन्हा. पण ठराव मंजूर व्हायचा होता म्हणून तो धरला नाही.

शिक्षा अशी ठरली की दोषीनं पंचायतीच्या भोंग्यावरून जाहीर माफी मागायची. माफी मोघम नको, म्हणून कोणाला काय म्हटलं ते स्पष्ट सांगायचं. झालं. सकाळी भोंगा खरखरला की माणसं पोह्याच्या बशा घेऊन ओट्यावर यायला लागली. पोरं शाळेत जाताना चार नवीन शिकून जायची. सुपडूआबाला तर विसरलेल्या जुन्या आठवल्या, त्या त्यानं मुद्दाम गुन्हा करून भोंग्यावर सांगितल्या.

मग दुरुस्ती आली. कारण काहीही असो, शिवी जो उच्चारेल तो दोषी. माफीत फक्त तिचा क्रमांक सांगायचा. क्रमांक द्यायचा तर यादी पाहिजे. यादी करायला समिती बसली. एरवी ग्रामसभेला माणसं गोळा करायला दवंडी लागते, या बैठकांना उभं राहायला जागा नव्हती. सरपंचांनी सढळ हातानं मदत केली. ग्रामसेवक नवल भाऊसाहेब धुळ्याचे. त्यांनीही जिल्ह्याची लाज राखायला दोन दिल्या.

त्यानंतर गाव आकड्यांत बोलायला लागलं.

"ए सत्तावीस, म्हैस बांध की."

"तू मला सत्तावीस म्हणतो? तूच एकतीस, तुझा काका एकतीस."

शाळेत गुरुजींनी तेराचा पाढा घेतला आणि वर्गात मारामारी झाली. पण कागदोपत्री गावात एकही शिवी नव्हती.

आखाजीच्याच दिवशी तपासनीस साहेब यायचे ठरले. रतिलालभाऊ सकाळीच धुरपदाबाईच्या दारात.

"अक्का, आज आकड्यांतच द्या."

"भिकी शाळेत गेली नाही रे बाबा. तिला आकड्यातलं काय लागणार?"

"पूल झाला की तिच्या ओट्यावर बसून काय द्यायचं ते द्या. आजचा दिवस सांभाळा."

म्हातारीनं गुडघ्यावर हात फिरवला. सपाट सिमेंटवरून भिकीच्या घरी. बरं म्हणाली.

दुपारी साहेब बाभळीखाली खुर्ची टाकून, वही उघडून बसले. पलीकडून भिकुबाईला सून नूतननं प्लास्टिकच्या खुर्चीवर आणून बसवलं. महिनाभर तापानं झोपून होती, नुसती काटकी. तरी सुरुवात तिनंच केली, जामवाड्याला अभियान नव्हतं. "मुडदा बशीवला तुना, धुरपदे," आणि पुढं बरंच. काठावरच्या बायांचे पदर तोंडात गेले.

धुरपदाबाई तोंडाला हात लावून ओरडली, "भिके, एकोणीस वं."

पलीकडं भिकुबाईनं कानामागं हात धरला.

"एकोणीस, आणि वर चौतीस."

"म्हातारी सट्ट्याचा आकडा देते का काय," जामवाड्याची एक बाई बोलली.

भिकुबाई खुर्चीतून पुढं वाकली. "धुरपदे, तुले काय व्हयनं? मनावर राग शे का तुना?"

धुरपदाबाईनं सरपंचाकडं पाहिलं. सरपंचानं हात जोडले. मग बिचारी म्हणाली, "नाही बाई. आपण कशा आहात?"

आपण. सख्ख्या बहिणीला. भिकुबाईनं पदर डोळ्याला लावला. "चाल नूतन, घर चाल. बहीणनी परकी करी टाकी. आते मी पुढली आखाजी दखत नई." नूतननं खुर्ची उचलायला हात घातला.

तिथं धुरपदाबाईच्यानं राहवलं नाही. लुगडं खोचून ती घोटाभर पाण्यात उतरली आणि तिनं शिवी दिली. ती मी सांगत नाही. पण तिच्यात भिकुबाईच्या सात पिढ्या होत्या, म्हणजे तिच्या स्वतःच्याच. एक म्हैस होती, जामवाड्याचा पोलीस पाटील होता आणि भरताचं वांगंही होतं. संपली तेव्हा बाभळीवर एक पाखरू उरलं नव्हतं.

भिकुबाई इतकी हसली की खुर्चीचा पाय वाळूत रुतला. "बसनी वं माय, बसनी," म्हणाली.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "सरपंच, ही शिवी होती."

"असेल, साहेब."

"क्रमांक सांगा."

भाऊसाहेबांनी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. "साहेब, ही यादीत नाही. बाईनं जागेवर बनवली."

"मग शब्दांत सांगा, मी लिहून घेतो."

"मी उच्चारली तर मी दोषी."

"तुम्ही सांगा, सरपंच."

"मी पण दोषी. आपण स्वतः ऐकली ना साहेब, आपणच लिहा."

साहेबांनी पेन टेकवलं, थांबले. सरकारी कागदावर अपशब्द लिहिला तर त्यांचीच चौकशी. मग लिहिलं, 'उच्चारित शिव्या : निरंक.'

असा पूल झाला. पहिल्या दिवशी धुरपदाबाई काठी टेकत गेली आणि भिकीच्या ओट्यावर बसली. तोंडासमोर तोंड आल्यावर दोघींना एकही आठवेना. चहा घेऊन परत आली. शिवीला मधे नदी लागते, हे अभियानाच्या पुस्तकात नव्हतं.

पुलाच्या तोंडाशी 'शिवीमुक्त ग्राम' असा निळा फलक लागला, आणि फलक सावकाश वाचता यावा म्हणून खाली गतिरोधक घातला, उंटाच्या पाठीएवढा. आता गावात शिवी फक्त तिथंच मिळते, आणि देतात ती बाहेरची शिकलेली माणसं. तुमची मोटारसायकल आपटली तेव्हा मी इथंच होतो भाऊ. तुम्ही दिलेली बावीस नंबरला आहे. मला आवडली.

घ्या, चहा घ्या. एक काम कराल का? भिकुबाईचा ताप उलटलाय, आणि धुरपदाबाईचा गुडघा असा सुजलाय की पुलापर्यंतही जाववत नाही. तुम्ही तिकडंच चाललात. पूल उतरलं की डाव्या हाताचं पहिलं घर. नमस्कार घालू नका, आपण-तुम्ही करू नका, म्हातारी धास्तावेल. दारात उभे राहा, धुरपदीनं पाठवलीय म्हणा, आणि तीच बावीस नंबरची द्या, मगासारखी, पोटातून.