परबबाईंचे जावई

परबबाई आमच्या कंपनीत टायपिस्ट होत्या, आणि कंपनीत कुणाचाही भाव वाढला की त्या त्याला जावई करून घ्यायच्या. मालकांचा नवा लाडका सकाळी आत शिरला की टाइपरायटर थांबवून त्या अर्ध्या उठायच्या, पदराच्या टोकाने त्याची खुर्ची झटकायच्या आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "जावईबापू आले हो! पाट मांडा!"

अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आमचा गाळा. मागे मशिनं शर्टाची बटणं पाडायची, पुढे पार्टिशनच्या आड आम्ही पाच-सहा जण. मालक अप्पासाहेब. त्यांना एका वेळी एकच माणूस आवडायचा, आणि तो का आवडला हे त्यांनाही सांगता यायचं नाही. एकाला त्यांनी केवळ रास जुळली म्हणून स्टोअर सांभाळायला दिलं. महिन्याभरात कोटाची आणि पायजम्याची बटणं एकाच पेटीत नांदायला लागली. मॅनेजरची खुर्ची मात्र "पुढच्या वेळी परबबाईंनाच," असं ते दर दिवाळीला म्हणायचे. बाई त्या खुर्चीकडे ढुंकून बघत नसत. पण तिचं कापड उसवलं, तेव्हा घरून सुई-दोरा आणून त्यांनीच शिवलं होतं.

मी जावई झालो तो चिवड्यामुळे. अप्पासाहेब विनोद सांगत होते आणि माझ्या घशात शेंगदाणा अडकला. डोळ्यांत पाणी, खांदे गदागदा. त्यांना वाटलं, इतकं मनापासून हसणारा माणूस या कंपनीत आजवर आलाच नाही. पुढच्या पहिल्या तारखेला मी मॅनेजर! मालाचं साधं चलन कसं बनवायचं तेही मला ज्या बाईंनी शिकवलं, त्यांच्या डोक्यावर.

"चहात साखर किती, जावईबापू? मान ठेवायला हवा ना."

"परबबाई, मी काही मागितलं नव्हतं हो."

"जावई मागतो कुठे? तो रुसतो!"

मी रुसलो नाही, फुगलो. सांताक्रूझच्या एका युनिफॉर्मवाल्याचा फोन आला. मागे मशिनांचा खडखडाट, रिसिव्हर मानेत, पाय टेबलावर. त्याने काय सांगितलं देव जाणे. मी बाईंना सांगितलं, काळी बटणं.

"शाळेच्या पांढऱ्या शर्टाला काळी? परत विचार रे."

"मॅनेजर कोण आहे, बाई?"

त्यांनी मशीनवर कागद चढवला आणि काळी बटणं टाइप केली. युनिफॉर्मवाल्याच्या कारागिरांनी आली ती बटणं शिवली. सगळ्या शाळेला दृष्ट लागू नये म्हणून छातीभर तीट लावावी, तसे शर्ट तयार झाले.

परत आलेले ते शर्ट टेबलावर आपटून अप्पासाहेब गरजले, "हे कुणाचं काम? त्याने आजच्या आज घरी जायचं!"

माझी वाट लागली होती. मी तोंड उघडणार, तोच टाइपरायटर थांबला.

"टाइप मी केलं. चूक माझ्या हातून झाली."

अप्पासाहेबांनी त्यांना काढलं नाही. काढलं असतं, तर कुठल्या किल्लीने कुठलं कुलूप उघडतं हे सांगायला कुणी उरलं नसतं. पण "काळं-पांढरं कळत नाही आणि मॅनेजर व्हायचंय!" एवढं मात्र सगळ्यांसमोर बोलले. खुर्चीचा विषय तिथेच संपला. माझ्यावरची मर्जीही त्या शर्टांबरोबर उडाली. सोमवारी खुर्चीत त्यांचा भाचा आला, मी माझ्या जुन्या स्टुलावर. बाई अर्ध्या उठल्या. "जावईबापू आले हो! पाट मांडा!" भाचा खूश झाला.

दुपारी मी हळूच विचारलं, "बाई, का केलंत असं?"

रागावल्या की त्यांच्या तोंडून थेट वेंगुर्ला बोलायचं. "गप रव, मेल्या! अधिक महिना चाललाय. रविवारी जेवायला ये."

घाटकोपरला दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. दोन पाट, दोन ताटं, भोवती रांगोळी, वाटीत जाळीदार अनारसे.

"एवढा थाट? मी आता जावई कुठला, बाई? पदावरून उतरवलंय मला."

"बस."

"आणि हा दुसरा पाट?"

त्या वरण वाढत राहिल्या. "सुनंदाच्या नवऱ्याचा. माझा खराखुरा जावई. मानखुर्दला असतात दोघं. जातीबाहेर केलं तिने. अशाच अधिक महिन्यात आला होता, पेढे घेऊन. मी आणि मिस्टर आत होतो. कडी काढली नाही. बराच वेळ उभा होता रे." मग मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली. "मिस्टर गेल्यापासून निरोप धाडते. येईल कधीतरी. एकाला दारातून घालवलंय मी. तुला नव्हतं घालवायचं."

जिन्यावर पावलं वाजली. बाईंच्या हातातली तुपाची पळी तशीच थांबली. पावलं दाराशी आली, आणि वरच्या मजल्याकडे निघून गेली.

"वरच्यांकडचं कुणीतरी," बाई म्हणाल्या. "तू सुरू कर."

मी अनारसा मोडला आणि तो घशात अडकला. डोळ्यांत पाणी, खांदे गदागदा. बाईंनी पाण्याचं भांडं माझ्या हातात दिलं. मी हसतोय असं त्यांना वाटलं नाही.