पाइप पोचतो का?

टिपणिसांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका लग्नात, ऐन मुहूर्तावर, गुडघ्यांवर बसलेले. सगळा हॉल अक्षता टाकत होता आणि हे गृहस्थ खाली वाकून लाल गालिच्यावर पांढरा रुमाल दाबत होते. मला वाटलं, चक्कर आली. मी पाण्याचा ग्लास घेऊन धावलो, तर त्यांनी तो रुमाल माझ्याच नाकापुढे धरला.

"कसला वास येतोय?"

मी म्हटलं, ओलसर, कुबट.

"बघा. वरून चकाचक, आत पाणी तसंच." एवढं बोलून त्यांनी मुठीतल्या अक्षता माझ्याच अंगावर टाकल्या आणि ते जेवायला गेले.

पुढे पनवेलच्या वडाळे तलावाभोवती फिरताना रोज गाठ पडू लागली. टिपणीस सरकारी खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. "मुलगी गव्हाणला असते," असं त्यांनी एकदा सांगितलं. मी मनातल्या मनात तिला सासर देऊन मोकळा झालो. पुन्हा कधी विचारलं नाही, ही माझी चूक.

मी द्रोणागिरीच्या गोदामातून नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात माझं काय करायचं हे घरच्यांना कळत नव्हतं. त्यामुळे टिपणिसांनी धंद्याची कल्पना काढली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. गालिचे धुण्याचं मशीन घ्यायचं, पण साधं नाही, टेंपोत बसवलेलं. इंजिन, गरम पाण्याची टाकी, पाणी ओढून घेणारा पंप, सगळं खाली गाडीत. वर जाणार फक्त पाइप. पनवेलमध्ये लग्नाचे हॉल आहेत, हॉटेलं आहेत, ऑफिसं आहेत. मी उत्साहाने दोन हॉलच्या मालकांना शब्द देऊन आलो आणि व्हिजिटिंग कार्डंही छापली.

मशीन मात्र येईना. दीड वर्ष आम्ही मशीन बघत होतो. मुलीसाठी स्थळं बघतानाही माणूस इतका घोळ घालत नाही. टिपणीस इंजिनावर पालथा हात ठेवून डोळे मिटत. मग वहीत शेरा लिहीत. एका मशीनपुढे 'पाणी कोमट, स्वभाव गरम' असं लिहिलेलं मी वाचलं. त्यातला स्वभाव विक्रेत्याचा असावा. त्यांच्या पिशवीत गालिच्याचा एक तुकडा असे आणि त्यावर त्यांनी स्वतः पाडलेले डाग: चहा, हळद, गुलाल, कोलंबीचं कालवण. डाग निघाला तरी ते खूश होत नसत. रुमाल दाबायचे, हुंगायचे, आणि मग ठरलेला प्रश्न: "पाइप तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो का?"

हे तिसऱ्या मजल्याचं खूळ मला कळेना. लग्नाचे हॉल तळमजल्यावर असतात. तिसऱ्या मजल्यावर कोण लग्न करतं? पण त्यांच्या खिशात कायम एक सुतळी असे, दर तीन फुटांवर गाठ मारलेली. कुठल्याही इमारतीत शिरले की खिडकीतून सुतळी खाली सोडायची. माझ्या गॅलरीतून सोडली तेव्हा ती खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या परकरात अडकली. तो परकर कुणाचा आणि तो वर का चाललाय, याचा खुलासा मला तीन दिवस करावा लागला.

खरं सांगायचं तर मला झोप लागत नव्हती. हॉलवाले विचारत होते. घरी बायको काही विचारत नव्हती, ते जास्त वाईट होतं. माझं ब्लडप्रेशर मशीनच्या भरवशावर वर-खाली होत होतं. हा माणूस घाबरट आहे, याला घ्यायचंच नाही, असं माझं मत झालं होतं.

अशात कळंबोलीच्या सलीमभाईंकडे एक मशीन आलं. आवाज कमी, पाणी कढत, ओढ जबरदस्त. सलीमभाई सज्जन माणूस. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "पुण्याची पार्टी इतवारला येतेय. तुमचं काय ते शनिवारपर्यंत सांगा, मग मला बोल लावू नका."

टिपणीस म्हणाले, "शनिवारी दुपारी गव्हाणला आणा. तिसऱ्या मजल्यावर चालवून दाखवा."

मी भडकलो. तलावाकाठी चार माणसं वळून बघतील इतका. तुम्हाला घ्यायचं नसेल तर तसं सांगा, म्हटलं, मला कशाला टांगून ठेवलंय?

ते काठावरच्या बाकावर बसले. मग म्हणाले, "नाईक, माझी रेवू तिथे एका संस्थेत असते. चौतीस वर्षांची आहे, पण समज तीन वर्षांच्या पोरीची. ही होती तोवर घरी सांभाळली. तिथे जमिनीवर गालिचा चिकटवलेला आहे, मुलं फिट येऊन पडतात म्हणून. तो धुतला की आठवडाभर ओला राहतो आणि तिला दम लागतो. छोटं मशीन खोलीत लावलं तर आवाजाने ती भिंतीवर डोकं आपटते. म्हणून मशीन खाली पाहिजे, पाइप वर. माझ्यानंतर ती तिथेच राहणार आहे."

दीड वर्ष मी या माणसाला मनात शिव्या दिल्या होत्या.

शनिवारी टेंपो गव्हाणला त्या इमारतीखाली उभा राहिला. लिफ्ट बंद होती. टिपणीस गुडघे धरत वर चढले, मी मागून. सलीमभाईंच्या माणसांनी पाइप दोरीने वर ओढला आणि तो खिडकीत अगदी बरोबर आला. गाठींचा हिशेब चुकला नव्हता. खिडकीजवळचा गालिचा धुऊन झाला तेव्हा रुमाल कोरडा निघाला. टिपणिसांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. मीही खिशातल्या कार्डांवर हात ठेवला.

"रेवूची जागा झाली," ते म्हणाले.

तिथल्या मावशी गव्हाणच्याच. त्या म्हणाल्या, "दादा, तिची जागा ही नाय. तुमी येवाचा टाइम झाला का ती खिडकीत येते. बाकी दिसभर तिकरं कोपऱ्यात बसते."

कोपरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. रेवू तिथेच बसली होती, करडे होत चाललेले केस, मांडीवर एक रिकामा डबा. अख्ख्या पनवेलच्या इमारती मोजणाऱ्या माणसाने आपल्या मुलीची जागा चुकीची मोजली होती, कारण ते येत तेव्हा ती खिडकीतच असे.

सलीमभाईंनी पाइपला तुकडा जोडला. पाइप पोचला, पण ओढ गेली. टिपणिसांनी कोपऱ्यात रुमाल दाबला. तो चिंब झाला होता.

"एवढं कोण बघतं, साहेब?" सलीमभाई हळूच म्हणाले. "हॉलच्या कामाला हे मशीन एक नंबर आहे."

टिपणीस माझ्याकडे बघत राहिले. ते आता हो म्हणतील आणि ते माझ्यासाठी म्हणतील, हे मला दिसत होतं. मला त्याची भीती वाटली.

मी म्हटलं, "सलीमभाई, पुण्याच्या पार्टीला देऊन टाका. आम्हाला जास्त ओढीचं लागेल." हॉलवाल्यांना काय सांगायचं ते सुचत नव्हतं, आजही सुचलेलं नाही.

टिपणिसांनी खिशातून सुतळी काढली. एक टोक मी खिडकीत धरलं, दुसरं त्यांनी रेवूच्या हातात दिलं. तिने ते मुठीत घट्ट धरलं. मी गाठी मोजायला लागलो.

तेवढ्यात चार वाजले, टिपणिसांची यायची वेळ. रेवू डबा ठेवून उठली, सुतळीचं टोक मुठीत तसंच धरून माझ्या शेजारी खिडकीत आली आणि खाली रस्त्याकडे बघू लागली. टिपणीस तिच्या मागे हातभर अंतरावर उभे होते. तिने वळूनही पाहिलं नाही.

त्यांनी तिला हाक मारली नाही. चपला घातल्या आणि कठडा धरून तीन मजले खाली उतरले. थोड्या वेळाने ते रस्त्यावर आले, वर बघितलं आणि हात हलवला. रेवू टाळ्या वाजवायला लागली. सुतळी तिच्या हातातून सुटली आणि टिपणीस पुन्हा जिना चढू लागले.